बाण कुठल्या बाजूला

मास्तर म्हणजे मोठं प्रस्थ. तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं त्यांनी कारखान्यात तीस वर्षं जोडली, आणि व्हॉल्व्ह उलटा बसवणाऱ्याची प्रत्येक वेळी सगळ्यांदेखत हजेरी घेतली. निवृत्त झाल्यावरही त्यांचे हात काही स्वस्थ बसेनात. त्यात बायकोच्या गुडघ्यांनी संप पुकारला. आठ महिने ती चाकांच्या खुर्चीत बसून दारातूनच रस्ता बघत होती, कारण मध्ये सात पायऱ्या होत्या. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी पायऱ्यांच्या शेजारी स्वतःच्या हाताने लिफ्ट उभी केली.

चाचणीला मुलगी कारखान्यातून मुद्दाम सुट्टी काढून आली होती. लिफ्टमध्ये वाळूचं पोतं ठेवून मास्तरांनी दांडा ओढला. पोतं अगदी रुबाबात, सावकाश वर गेलं.

"बघ, पोटातलं पाणी हलणार नाही तुझ्या!" मास्तर बायकोला म्हणाले आणि त्यांनी दांडा उलटा फिरवला.

पोतं धाडकन खाली आदळलं आणि फुटलं.

"मी नाही बाई बसायची त्यात," बायको दारातून म्हणाली. "आहे तिथे बरी आहे मी."

मुलगी पंप बंद करून खाली वाकली. "बाबा, व्हॉल्व्ह उलटा बसलाय."

हा व्हॉल्व्ह तेलाला एका दिशेने मोकळं सोडतो आणि परत येताना बारीक फटीतून यायला लावतो. म्हणून लिफ्ट उतरताना हळू उतरते. मोकळी दिशा कुठली, ते त्याच्या अंगावर कोरलेला बाण सांगतो. मास्तरांनी हे निम्म्या कारखान्याला शिकवलं होतं.

"बाण बघितला नाहीत का?" मुलीने विचारलं.

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. "बारीक काही दिसत नाही गं मला. वर्ष होत आलं. चाचपून बसवला."

"वर्षभर लपवलंत माझ्यापासून?" बायको कडाडली.

"तुझंच दुखणं काय कमी होतं?"

असल्या वेड्या माणसावर धड रागावताही येत नाही. "सोडवा तो, आणि आणा इकडे," बायको म्हणाली.

तिने व्हॉल्व्ह फडक्याने पुसला, उजेडात धरून बाण शोधला आणि त्यावर खडूने बोटभर जाड बाण काढला. "हे तरी दिसतंय ना? याचं तोंड कुठे हवं?"

"सिलिंडरकडे. लिफ्ट उचलणाऱ्या नळकांड्याकडे."

"मग बसवा तसा."

मास्तरांनी बसवला. दुसरं पोतं वर गेलं आणि शहाण्यासारखं हळूहळू खाली आलं. मुलीने पोतं काढून लिफ्ट पुन्हा वर नेली. तेवढ्यात बायकोने कोणाला न विचारता खुर्ची आत घातली.

"अगं, अजून एकदा पोतं ठेवून बघू," मास्तर घाबरले.

"बाण मी बघितलाय. सोडा खाली."

मास्तरांनी दांडा हळूच उलटा फिरवला. लिफ्ट अलगद जमिनीला टेकली. बायकोने मान उचलून आधी आपलं दार खालून बघितलं, मग रस्ता. मास्तरांचे डोळे भरून आले.

"रडताय काय? चपला घाला," ती म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. खुर्ची तुम्ही ढकला, रस्ता मी सांगते."