हनुवटीचा प्रश्न

रविवारी सकाळी इमारतीचं सभागृह यापुढे फक्त धार्मिक मंडळांना मिळेल, बाकीच्यांनी मंगळवारी दुपारी यावं, असं नव्या सचिवबाईंनी जाहीर केलं आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं. आता मंगळवारी दुपारी कोण येणार हो? नोकरीवाले नोकरीवर, आणि निवृत्त मंडळी जेवून आडवी झालेली. सचिवबाईंचंही तसं काही चुकलं नव्हतं म्हणा. रविवारसाठी प्रार्थनावाले, ध्यानवाले, बुद्धिबळवाले आणि नाच शिकवणारी एक मुलगी यांची रोजची हमरीतुमरी चाललेली. बाईंनी एक रेघ मारली आणि मोकळ्या झाल्या.

सर म्हणजे उभा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. घरी बसवेना म्हणून त्यांनी उत्क्रांती मंडळ काढलं. दर रविवारी पंधरा-वीस माणसं जमायची आणि सर त्यांना सांगायचे, की देवमाशाच्या पोटात मागच्या पायांची हाडं अजून कशी शिल्लक आहेत, थंडी वाजली की आपल्या अंगावर काटा का येतो. सांगायचे मात्र असं रंगून, की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार होऊन जायचा. सरांच्या बायकोचं म्हणणं, हा माणूस रविवारी जिवंत असतो, बाकीचे दिवस नुसता वर्तमानपत्राशी भांडतो. रविवार गेला तर हे घरात कुणाला सुखाने जगू देणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

मंडळात सरांचे व्याहीही यायचे. सुनेचे वडील, दाताचे डॉक्टर. शेवटच्या रांगेत पाय पसरून बसायचे, मध्येच काहीतरी खुसपट काढायचे, आणि सर त्यांना हसत हसत उडवून लावायचे. मग दोघे वर जेवायला, आणि तिथे तोच वाद हात वाळेपर्यंत. सून म्हणायची, माझ्या लग्नाचं सोडा, खरी सोयरीक जुळलीय ती या दोघांची. सर वरवर चिडायचे. पण व्याह्यांना यायला जरा उशीर झाला की गॅलरीत जाऊन रस्ता न्याहाळायचे.

तर घोडं अडलं होतं सभागृहापाशी. तोडगा काढला मेट्रनने. मेट्रन ही मंडळातली सगळ्यात कडक बाई. रुग्णालयातून निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण आवाज अजून वॉर्डातलाच. ती म्हणाली, त्यात एवढं काय, आपण धर्म आहोत असं सांगून टाकू.

सरांचा पारा जो चढला तो चढलाच. त्यांनी तिला उभ्या उभ्या फरक ऐकवला. धर्म आधी विश्वास ठेवा म्हणतो, आपण आधी पुरावा दाखवा म्हणतो, वगैरे वगैरे. बाई तुम्ही माझी सगळी मेहनत मातीत घातलीत, असंही म्हणाले. मेट्रनने सगळं निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे बघा, आपण ठरल्या वेळी जमतो, एकाच दाढीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो समोर मांडतो, एकच माणूस बोलतो, बाकीचे माना डोलावतात, आणि जे येत नाहीत त्यांची आपण कीव करतो. आता यात धर्मापेक्षा कमी काय आहे ते तुम्हीच सांगा.

फोटो डार्विनचा होता. तो दर रविवारी पुसून ठेवायचं काम मेट्रनकडेच होतं, आणि ते ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही.

सर काही मानेनात, तेव्हा ती परस्पर सचिवबाईंकडे जाऊन आली. सचिवबाईंनी नोकरी केली होती कस्टम्समध्ये. लोक सांगतात एक आणि बॅगेत निघतं दुसरंच, हे त्यांना पाठ होतं. त्या म्हणाल्या, मी येत्या रविवारी येऊन बसते, बघते. धर्म वाटला तर सभागृह तुमचं.

हे कळल्यावर सरांनी घर डोक्यावर घेतलं. मी नाटक करणार नाही, खोटं बोलणार नाही, एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. पण सचिवबाईंकडे जाऊन "आम्ही धर्म नाही" एवढं काही ते सांगून आले नाहीत. बायकोने तेच नेमकं धरलं.

"म्हणजे हॉल पण हवा आणि नाक पण वर हवं," ती म्हणाली.

सर म्हणाले, मी कुठे काय म्हटलंय? बाई येतील, बघतील.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. मेट्रनने शेजारपाजारच्या बिऱ्हाडांतूनही माणसं गोळा करून आणली होती. फोटो चकचकीत पुसलेला. सून चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी. सचिवबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. सरांनी विषय घेतला माणसाच्या चेहऱ्याचा, आणि काय बोलले म्हणता! भुवया कशासाठी, नाक पुढे का आलं, कानाची पाळी लोंबते का. लोक माना डोलावत होते. सरांनाही चढत गेलं, आणि बोलण्याच्या भरात ते म्हणून गेले, की या देहात एक हाड असं नाही ज्याचं कारण आम्ही सांगू शकत नाही.

शेवटच्या रांगेतून हात वर आला. हात कुणाचा हे सांगायला नकोच.

"सर, हनुवटी कशासाठी?" व्याह्यांनी विचारलं.

सर म्हणाले, सोपं आहे. चावताना जबड्यावर जोर येतो, तो झेलायला.

व्याही म्हणाले, चिंपांझी आपल्यापेक्षा कितीतरी जोरात चावतो, त्याला हनुवटी नाही. कुठल्याच माकडाला नाही. जुन्या, संपून गेलेल्या मानवजातींनाही नव्हती. आपल्यालाच तेवढी.

सर म्हणाले, मग बोलण्यासाठी. व्याही म्हणाले, बोलायला जीभ लागते, आणि तिचा जोर असून असून किती, त्यासाठी एवढं हाड कशाला? माझ्या खुर्चीत रोज दहा जिभा बघतो मी. सर म्हणाले, मग जोडीदाराला आवडावं म्हणून. व्याही म्हणाले, बाईला आहे, पुरुषाला आहे, रांगत्या पोरालाही आहे, त्याला कसली जोडीदाराची घाई?

हशा पिकला. सचिवबाईसुद्धा हसल्या. इतर कुठल्याही रविवारी सरही हसले असते, आणि वर जाऊन आमटीत बोट घालून टेबलावर जबड्याची आकृती काढत बसले असते. पण आज ती बाई पहिल्या रांगेत बसली होती.

"सर, एका दमात तीन उत्तरं झाली," व्याही अगदी प्रेमाने म्हणाले. "एकदा 'माहीत नाही' म्हणा ना."

सरांचा चेहरा लालबुंद झाला.

"ज्यांचा या गोष्टीवर विश्वास नाही, त्यांनी इथे बसायची गरज नाही," ते म्हणाले. "दार उघडं आहे."

व्याह्यांना आधी वाटलं थट्टाच आहे. ते थोडं हसले, मग सरांकडे बघून हसायचे थांबले. पसरलेले पाय त्यांनी जवळ घेतले, उठले, आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. सुनेने चहाचा ट्रे खुर्चीवर ठेवला आणि ती वडिलांच्या मागोमाग गेली.

सरांनी पुढचं कसंबसं उरकलं. संपल्यावर सचिवबाई उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, सभागृह तुमचं.

सर म्हणाले, पण मी तर धर्म आहे असं एका शब्दाने म्हटलं नाही.

"फोटो काय, माना डोलावणं काय, ते बुद्धिबळवाल्यांकडेही असतं," सचिवबाई म्हणाल्या. "पण विश्वास नाही म्हणून त्यांनी अजून कुणाला बाहेर काढलं नाही."

मेट्रनने टाळ्या वाजवल्या. तिचं बघून सगळ्यांनी वाजवल्या. सर मधोमध उभे, आणि त्यांना जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालेलं.

त्या दुपारी जेवायला व्याही नव्हते. सून वाढत होती, पण "बाबा, अजून घ्या" वगैरे काही नाही. बायकोने ती आत गेलेली बघून विचारलं, अहो, हनुवटी कशासाठी आहे हे तुम्हाला खरंच माहीत आहे का?

"नाही," सर म्हणाले. "कुणालाच नीट माहीत नाही. वाद चालू आहेत अजून."

मग तेवढंच म्हणायला काय झालं होतं, असं तिने विचारलं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. आणि रविवार हातात आला होता, तरी त्यांना अगदी हरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. व्याह्यांनी "या" म्हटलं, खुर्चीत बसवलं, आणि हा माणूस दात दाखवायला आलाय असं समजून त्यांच्या तोंडात आरसा घातला. सर बोलू बघत होते, पण उघड्या तोंडाने काय बोलणार? व्याह्यांनी सावकाश, एकेक दाढ तपासली. अजिबात घाई केली नाही. शेवटी आरसा काढला तेव्हा सरांनी एका श्वासात सगळं सांगून टाकलं. माझं चुकलं, हनुवटीचं मला माहीत नाही, तुम्ही जेवायला या.

व्याही हात धूत म्हणाले, "सर, बाहेर काढलंत भरल्या सभागृहात, आणि हे सांगताय बंद खोलीत?"

सर खुर्चीतून उतरले आणि चपला घालून घरी आले.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच गर्दी. सचिवबाई सभागृहातल्या कपाटाची किल्ली मंडळाला द्यायला म्हणून आल्या होत्या. व्याही आले, पण दाराबाहेरच भिंतीला टेकून उभे राहिले. सर उभे राहिले, खोकले, चष्मा काढला, परत घातला. जिवावर आलं होतं त्यांच्या, ते सगळ्यांनाच दिसत होतं.

"माणसाला हनुवटी का आहे, हे मला माहीत नाही," ते म्हणाले. "गेल्या रविवारीही नव्हतं. ज्यांनी बरोबर प्रश्न विचारला त्यांना मी घालवून दिलं. डॉक्टर, आत या."

व्याही आत आले, पण लगेच बसले नाहीत. सरांनी किल्लीसाठी हात पुढे केला नाही. ते सचिवबाईंना म्हणाले, हे मंडळ धर्म नाही. गेल्या रविवारी झालं होतं खरं, पण ते माझ्यामुळे.

"मग मंगळवार," सचिवबाई म्हणाल्या, आणि किल्ली पर्समध्ये परत गेली.

"मंगळवार तर मंगळवार," सर म्हणाले.

मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. चार-पाच जण उठलेसुद्धा. ज्याला सगळं माहीत नाही त्याचं ऐकायला सुट्टीची सकाळ कोण घालवणार? मेट्रन मात्र जागची हलली नाही. तिचा चेहरा इतका पडला होता, की सरांना तिच्याकडे बघवेना. आता ही फोटो काखोटीला मारून निघून जाणार, असंच त्यांना वाटलं.

मेट्रनने हात वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"सर," ती म्हणाली, आणि आवाज वॉर्डातला नव्हता, "तुम्हाला आणखी काय काय माहीत नाही?"

शाळेतसुद्धा हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे पाहिलं. व्याही शेवटच्या रांगेत बसले आणि त्यांनी पाय पसरले. सर टेबलाच्या कडेवर टेकले आणि सांगायला लागले, आणि यादी फार मोठी निघाली.