मुक्या चारची चाल

मित्रांनो, चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या एका तालुक्याच्या शाळेतली मी जुनी पायपेटी. भाता ठिगळांचा, अंगभर शाईचे डाग, आणि माझा 'चार' कधीचाच मुका झालाय. आमच्याकडे सूर आकड्यांनी लिहितात, एक ते सात. गप्प बसायचं तिथं शून्य. पस्तीस वर्षं पोरांच्या लाथा खाऊन वाजले, तक्रार नाही. पण एक गोष्ट अजून घशात अडकलीय.

गाणं शिकवणाऱ्या शू सरांनी सहावीला स्वतःची चाल रचून आणायला सांगितली. सगळ्यात चांगली चाल जिल्ह्याच्या मेळ्यात वाजणार होती, रचणाऱ्याच्या नावानं. यिनलान, फाटकावर वाफेचे पाव विकणाऱ्या बाईची पोर, आठवडाभर मधल्या सुट्टीत माझ्यापाशी बसली. चार आला की मी मुकी. मग तिनं तिथं शून्य लिहिलं आणि पायाखालच्या फळीवर टाच आपटली. धप्प. काय सांगू, माझं दुखणंच गाणं झालं.

तिच्या बाकावरच्या तापंगनं काहीच केलं नव्हतं. त्यानं तिच्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं.

सर मुलींचा गठ्ठा एका दिवशी तपासायचे, मुलांचा दुसऱ्या. तिच्या शून्यावर लाल रेघ, वर चार, खाली शेरा: 'चूक. वही नीटनेटकी.' त्याच्या शून्याभोवती गोल: 'धाडस. कल्पक.'

वर्गात सरांनी कौतुकानं विचारलं, हे शून्य सुचलं कसं रे?

तापंग कान खाजवत म्हणाला, "सर, यिनलानच्या वहीत होतं."

वर्ग खिदळला. यिनलान उठली. "सर, पेटीचा चार वाजत नाही. तिथं मी टाच मारते."

सर हसले. मायेनंच हसले, तेच जास्त लागतं. "मग ती अडचण झाली, पोरी. कल्पना नव्हे. यानं नेमकं तेच उचललं, म्हणजे याला कळलं."

"मला नाही कळलं, सर."

"कळेल. मुलांना उशिरा कळतं, पण खोल कळतं."

मेळ्याला नाव त्याचंच गेलं. मी भोकाड पसरलं असतं, पण भात्यात वारा भरायला कुणाचा तरी पाय लागतो ना.

मेळ्यात तापंग शून्यापाशी नुसताच थांबला. लोकांना वाटलं, पोरगं विसरलं. परत येऊन तो यिनलानला म्हणाला, "तुझी टाच राहिली गं."

तिनं पुन्हा काही रचलं नाही. वही मात्र वर्षभर नीटनेटकी राहिली.

आता मी झाडू-बादल्यांशेजारी पडून आहे. माझा चार दुरुस्त नाही केलात तरी चालेल, मित्रांनो. पण उद्या तुम्ही कुणाची वही तपासायला बसलात, तर आधी नाव बोटानं झाका. मग शून्य वाचा.