तोटीखालचा थेंब

मी एक जुनी पेट्रोलची टाकी आहे, मित्रांनो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, एका लाल गाडीच्या मागच्या भागात बसवलेली. लोक गाडीचे गोल दिवे बघतात, बॉनेट उघडून इंजिन बघतात, आसनांच्या चामड्यावरून हात फिरवतात. टाकी बघायला कुणी वाकत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. टाकीची आठवण येते ती ती गळायला लागल्यावर, आणि तशी आठवण कुणाला न यावी हेच बरं.

माझा जन्म पार दक्षिणेकडच्या एका बेटावर, टेमुका गावातल्या हेमीच्या वर्कशॉपमध्ये झाला. हेमी बोटींच्या आणि दुधाच्या टाक्या बनवायचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र नेव्हिल याने सुट्या भागांची एक गाडी विकत घेतली होती. सांगाडा, पत्रे, चाकं सगळं खोक्यांतून आलं, आणि नेव्हिल ते आपल्या गॅरेजमध्ये जोडत बसला. खोक्यातून आलेली टाकी मात्र पातळ पत्र्याची निघाली. हेमीने ती बोटाने वाजवून बघितली आणि बाजूला सारली.

"ए होआ, हिच्यात सूपसुद्धा ठेवू नकोस," तो म्हणाला. त्याच्या भाषेत होआ म्हणजे मित्र. "मी देतो तुला बनवून."

त्याने जाड पत्रा कापला, वाकवला, शिवणी वेल्ड केल्या. पेट्रोल आत उसळू नये म्हणून पोटात आडव्या पडद्या बसवल्या. तळाशी आट्यांची तोटी जोडली, तिथून नळी इंजिनाकडे जाणार होती. मग मला पाण्याने भरून कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवलं. कागद कोरडाच राहिला तेव्हा हेमीने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला फार आवडली.

पुढची काही वर्षं सुखाची होती. रविवार आला की नेव्हिल आणि त्याची बायको रेविन मला भरून घेत आणि टेकापो तळ्याकडे निघत. रेविनच्या डोक्याला रुमाल, मांडीवर मटण भरून भाजलेल्या पाईचा डबा. चढावर नेव्हिल गाणं म्हणायचा आणि रेविन म्हणायची, "इंजिनाचा आवाज ऐकू दे रे, तो तरी सुरात आहे."

नेव्हिल गावातल्या चीजच्या कारखान्यात होता. चीज हुंगून, चाखून त्याची प्रत ठरवायची हे त्याचं काम. कुठला घाणा मुरला, कुठला बिघडला, हे त्याला सुरी न लावता कळायचं. गावात त्याला 'नाक' म्हणत. "नाकाला विचारा," असं कुणी म्हणालं की तो वरवर हसायचा, पण आतून फुलायचा.

मग एका उन्हाळ्यात आलुबुखाराच्या झाडावरून तो शिडीसकट पडला. डोकं मागून आपटलं. दवाखान्यातून तो आठवड्याभरात घरी आला, चालता बोलता, धडधाकट. सगळ्यांना वाटलं, थोडक्यात निभावलं.

मला मात्र वेगळंच दिसलं. एका दुपारी तो गॅरेजमध्ये आला आणि दार लावून घेतलं. त्याने टर्पेंटाइनची बाटली उघडून नाकाशी धरली. मग कॉफीचा डबा. मग मासे धरायच्या गळाचं सडकं आमिष, ज्याच्या जवळ रेविन उभीसुद्धा राहायची नाही. शेवटी त्याने माझं झाकण काढलं आणि माझ्या तोंडाशी नाक आणून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग तो चाकाला टेकून खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

त्याने कुणालाही सांगितलं नाही. कारखान्यात तो चीज चाचपून, रंग बघून, बरोबरच्याचा चेहरा वाचून वेळ मारून न्यायला लागला. घरी ताटात मीठ आणि सॉस ओतायला लागला. नाक गेलं तर मग 'नाक' म्हणून ओळखला जाणारा माणूस कोण उरतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला दोष देत नाही. पण त्याच दिवसांत माझ्या तोटीचा वायसर कडक होऊन चिरला, आणि तोटीखाली पहिला थेंब जमला.

रेविनला लगेच कळलं. त्यांचं कपडे धुण्याचं यंत्र गॅरेजमध्येच होतं. शेजारच्या भिंतीवर गॅसवर पाणी तापवायचा बंब होता आणि त्यात एक बारीक निळी ज्योत दिवसरात्र जळायची. मी त्या ज्योतीकडे बघत असे आणि ती माझ्याकडे.

"नेव्ह, इथे पेट्रोलचा वास येतोय," रेविन म्हणाली.

"पेट्रोलची गाडी आहे. गुलाबाचा येणार का?"

"चेष्टा नको. चादरींनासुद्धा येतोय. ये, बघ."

तो आला, वाकला, हवा ओढली. "मला तर काहीच येत नाही."

"खरंच नाही?"

"अगं, नसेलच काही. तुझ्या मनाचे खेळ."

अख्ख्या गावाने ज्या नाकावर विश्वास ठेवला त्याच्याशी ती काय वाद घालणार? तिने चादरी पुन्हा धुतल्या. पुन्हा तोच वास. ती दार उघडं टाकायची, नेव्हिल थंडी येते म्हणून लावून घ्यायचा. हळूहळू तिने बोलणं सोडलं आणि ती स्वतःवरच शंका घ्यायला लागली.

एके दिवशी ती बाहेरून आली ती सरळ गॅरेजमध्ये, कोटसुद्धा न काढता.

"मी डॉक्टरकडे गेले होते," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाली, कधी कधी नसलेले वास येतात माणसाला. डोक्याचा फोटो काढून बघू या म्हणाली. नेव्ह, मला भीती वाटतेय. माझ्या आईचं सुरुवातीला असंच झालं होतं. तिला घरात धूर दिसायचा. पुढे ती मलासुद्धा ओळखेना."

नेव्हिलच्या हातात फडकं होतं. त्याने ते खाली ठेवलं आणि तिला जवळ घेतलं. "तुला काही होणार नाही," तो म्हणाला. मी वाट बघत होते, आता सांगेल, आता सांगेल. तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होता. पण तो तेवढंच बोलला.

ती गेल्यावर त्याने विजेरी घेतली आणि गाडीखाली सरपटत आला. तोटीखाली थेंब लोंबत होता, फरशीवर डाग होता. म्हणजे रेविनचं खरं होतं. हे कळूनही त्याने तिला हाक मारली नाही. न्हाणीघराच्या फटी बुजवायचं पांढरं सिलिकॉन आणून त्याने तोटीभोवती फासलं. पेट्रोलपुढे ते टिकणार थोडंच? काही दिवसांत फुगून त्याचे लोळे पडले. मग त्याने पान्याला लांब नळी लावून मला करकचून आवळलं. तोटीच्या मुळाशी वेल्डिंगला केसाएवढी चीर गेली. आता थेंब थांबेनात.

शेवटी त्याने हेमीला फोन लावला. हेमीने बजावलं, "रिकामी कर, साबणाच्या गरम पाण्याने धू, पुन्हा धू, उघडी ठेव. वास पुरता गेला की मगच आण. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ वाईट, तुला सांगायला नको."

नेव्हिलने मला सोडवलं, धुतलं, अंगणात ठेवलं. पण आमच्या दक्षिण गोलार्धात जून म्हणजे ऐन हिवाळा, ऊन कोमट. माझ्या पडद्यांच्या मागे, कोपऱ्यात, घोटभर पेट्रोल अडकून राहिलं आणि त्याची वाफ पोटात साचत गेली. नेव्हिलने माझ्या तोंडाशी नाक लावलं. का लावलं, मला कळलं नाही. सवयच असावी. मग मला ट्रकच्या उघड्या हौद्यात टाकून तो निघाला.

हेमीला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, डोळे लाल. त्याने मला बाकावर उलटं ठेवलं, तोटीजवळचा पत्रा घासून चकचकीत केला.

"माझं नाक आज सुट्टीवर आहे," तो म्हणाला. "तुझंच नाक कामाला येणार. वास गेला ना?"

"धुतलीय चांगली," नेव्हिल म्हणाला.

"गेला ना पण?"

"हं."

मित्रांनो, मला तोंड आहे पण आवाज नाही. त्या दिवशी मला त्याचं जेवढं दुःख झालं तेवढं आयुष्यात कधी झालं नव्हतं. ज्या हातांनी मला घडवलं तेच हात वेल्डिंगची दांडी उचलत होते, आणि एका ठिणगीने मी त्या हातांचं काय करणार होते हे मला माहीत होतं. भिंतीवर हेमीच्या नातवंडांचा फोटो होता. नेव्हिल त्या फोटोकडे बघत होता.

हेमीने मुखवटा डोळ्यांवर ओढला.

"हेमी, मला वास येत नाही," नेव्हिल म्हणाला.

"बरं झालं. म्हणजे साफ झाली."

"नाही रे." नेव्हिल पुढे झाला आणि त्याने हेमीचं मनगट धरलं. "मला कशाचाच वास येत नाही. पडलो तेव्हापासून. हिच्यात काय आहे, मला माहीत नाही."

हेमीने मुखवटा वर केला. दांडी खाली ठेवली, वीज बंद केली. मग मला सरळ करून त्याने कानाशी धरून हलवलं. आत कोपऱ्यात बारीकसं खळखळलं. त्याने मला उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवलं, परत आला, आणि स्टुलावर बसला.

"तू मला 'हं' म्हणालास," तो एवढंच म्हणाला. मग मुखवटा उतरवून, "रेविनला माहीत आहे?"

नेव्हिलने नकारार्थी मान हलवली.

"फोन कर. आत्ता. माझ्यासमोर."

रेविन आली. अंगणात, माझ्या शेजारीच, नेव्हिलने तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "फोटो काढायच्या त्या यंत्रात मी एकटी पडून होते," ती म्हणाली. "डोळे मिटून आईला आठवत होते. आणि तुला माहीत होतं." मग ती जाऊन आपल्या गाडीत बसली आणि काच वर केली.

हेमीने मला आठवडाभर ठेवून घेतलं. वाफेने धुतलं, सर्दी गेल्यावर स्वतः हुंगलं, शेजाऱ्यालाही हुंगायला लावलं. मग मला उलटं करून, वाफेला जागा उरू नये म्हणून चिरीच्या खालपर्यंत पाणी भरून, ती चीर वेल्ड करून बुजवली. तोटीला नवा वायसर घातला, हाताच्या अंदाजाने आवळली, साबणाचा फेस लावून एकही बुडबुडा येत नाही याची खात्री केली. काम चोख झालं. पण परत देताना त्याने मला रेविनच्या हातात दिलं. नेव्हिलशी तो बोलला नाही.

तो हिवाळा फार शांत गेला. नेव्हिलने कारखान्यात खरं सांगितलं. चीज हुंगायचं काम गेलं, गोदामातलं मिळालं. रेविन एकाच घरात राहून त्याच्याशी मोजकं बोलायची. गाडी बाहेर निघाली नाही. मी पुन्हा गाडीत, पण रिकामी, कोरडी, अंधारात बसून होते. सांधा जोडायला हेमीला एक दुपार पुरली होती. या तिघांमधली फट त्याला बुजवता येत नव्हती.

वसंतात एके सकाळी हेमी गॅरेजच्या दारात उभा राहिला. हातात कागदात गुंडाळलेली, धुरी दिलेली ईल मासळी होती, त्याच्या भावाने नदीत धरलेली. त्याने ती नेव्हिलच्या नाकाखाली धरली.

"काही येतंय?"

"नाही."

"भाग्यवान आहेस, ए होआ. माझ्या गाडीला महिनाभर येणार आहे."

नेव्हिल हसायला गेला आणि त्याचा चेहराच फिरला. त्याने पाठ वळवली, माझ्या बाजूला टेकला. रेविन धुण्याच्या यंत्रापाशी उभी होती. तिने हातातली चादर खाली ठेवली.

"कसा येतोय, सांगा ना," नेव्हिल गाडीकडे तोंड करूनच म्हणाला. "कसा आहे वास?"

हेमी विचारात पडला. "धुराचा. मानुकाच्या लाकडाचा. चरबीचा."

"आणि चिखलाचा," रेविन म्हणाली. ती जवळ आली, तिने कागदावर वाकून श्वास घेतला. "नदीकाठचा ओला चिखल असतो ना, तसा. थोडा गोडसर. पुरता गोड नाही." ती थांबली. "थांब, अजून सांगते."

मित्रांनो, मी नुसती टाकी आहे, पण माझं एवढं ऐका. अधूनमधून वाकून तोटीखाली बघत जा. आणि घरातलं कुणी म्हणालं की वास येतोय, तर 'मला नाही येत' म्हणून विषय मिटवू नका. विचारा, कुठून येतोय, आणि त्यांच्याबरोबर गुडघे टेकून शोधायला लागा.