भुरीची टोपली

"सुरी कुठं ठेवलीस गो?" सोनूबाईनं विचारलं. दारात बसलेल्या केसरनं, तिच्या लेकीनं, मानही वर केली नाही. मग सोनूबाईनं स्वतःच सुरी शोधली, चुलीत तापवली आणि टोपलीत ठेवली. जुन्या लुगड्याची उन्हात वाळवलेली फडकी, नाळ बांधायला दोरा, हळद, खोबरेल, गूळ, औषध पाजायचा बांबूचा नळा, सगळं टोपलीत आलं. भुरी बकरी आज व्यायची होती.

रेवसच्या खाडीकाठी या टोपलीची थट्टा व्हायची. "बकरीचं बालंतपन का राणीचं?" शेजारची नीराबाई हसायची. पण कुणाची बकरी अडली की हाक सोनूबाईलाच. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतली ती नव्हतीच.

आणि याच घरात, बावीस दिवसांपूर्वी, लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला एक कोरडं फडकं तयार नव्हतं. बकरीचं आधी मांडून ठेवावं, माणसाचं नाही. जन्माआधी बाळाचं काही जमवलं की नजर लागते, असं सगळेच मानत, सोनूबाईही मानायची. केसरला पंधरा दिवस आधीच कळा लागल्या. चंद्राबाई सुईण खाडीपलीकडची. ओहोटी लागली आणि तिची होडी चिखलात बसली. मुलगा आला तो निळसर, न रडणारा. सोनूबाईनं कोनाड्यातल्या टोपलीकडे हात नेला, तशी नीराबाई ओरडली, "बकरीचं फडकं मान्साच्या लेकराला लावतेस? सुईन येऊ दे!"

सोनूबाईचा हात थांबला. भरती येऊन चंद्राबाई पोचली तेव्हा पोर गार झालं होतं.

तेव्हापासून केसर बोलली नव्हती, रडली नव्हती. उद्या तिचा नवरा हिरामण मुंबईच्या गोदीतून आगबोटीनं तिला न्यायला येणार होता. 'आता माहेरी ठेवायची कशाला?' असा सासरचा निरोप होता. जायच्या आधी पोरीनं एकदा तोंड उघडावं, हव्या तेवढ्या शिव्या घालाव्यात, एवढंच सोनूबाई देवाजवळ मागत होती.

दुपारी भुरी अडली. करडाचे मागचे पाय आधी आले. सोनूबाईनं हाताला तेल चोपडून, कळ येईल तसं ओढून करडू मोकळं केलं. ते लुळं पडलं. तिनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, मागचे पाय धरून त्याला दोनदा झुलवलं आणि फडक्यानं खसाखसा चोळलं. करडानं आचका दिला आणि ते ओरडलं.

"आये."

सोनूबाईनं वळून बघितलं. केसर गोठ्याच्या दारात उभी होती.

"तुला सगलं येत व्हतं."

"व्हय."

"मग माज्या पोराला का न्हाय गो चोललंस?"

सोनूबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "सुईन येईल म्हनून थांबले. लोक नावं ठेवतील म्हनून थांबले. भ्याले गो मी."

"बकरीच्या टायमाला न्हाय भ्यालीस."

"न्हाय."

केसरनं दगड उचलून मारला असता तर सोनूबाईला बरं वाटलं असतं, इतकी ती स्वतःवर चिडली होती.

करडू पुन्हा ओरडलं. भुरी त्याला चाटू लागली. केसरची चोळी पुढून ओली झाली, मग लुगड्यावर ओघळ आला. तिनं खाली बघितलं. तोंडावर दोन्ही हात दाबून ती मटकन खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

सोनूबाईनं हात धुतले. लेकीसमोर बसून तिनं आपला पदर तिच्या छातीशी धरला आणि दूध टिपू लागली. केसरनं तिचा हात झटकला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.