जुन्या मर्यादा

मार्गदर्शक सर तिची वही महिनाभर दाबून बसले आणि मग तिचं गणित स्वतःच्या नावावर नियतकालिकात छापून मोकळे झाले. चोरी पचावी म्हणून स्थान, संवेग सगळं त्यांनी नव्या चलांत, म्हणजे नव्या व्हेरिएबल्समध्ये, बदललं होतं. चल बदललं की इंटिग्रेशन कुठून कुठवर करायचं त्या मर्यादाही बदलतात, हे पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील. सर विसरले. मर्यादा तिच्या वहीतल्याच राहिल्या.

चोर मुद्देमालासकट सापडला, म्हणून ती तरातरा विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी वही आणि लेख शेजारी ठेवून पाहिले.

"अगं, बरी सापडली तुला चूक," ते म्हणाले. "आता दुरुस्तीही तूच करून दे."

पुढच्या अंकात दुरुस्ती सरांच्या नावाने आली. खाली बारीक अक्षरांत तिचे आभार होते, लेख काळजीपूर्वक वाचल्याबद्दल.