मी, टिप्याचा पालथा वाडगा

मी बोलतोय. इकडे तिकडे नका पाहू, खाली पाहा. टेबलाच्या पायाजवळ निळ्या काठाचा, पोटावर चार ठिकाणी टवके उडालेला पांढरा तामचिनी वाडगा दिसतोय ना, तोच मी. या क्षणी माझ्यात अर्ध्यापर्यंत पाणी आहे आणि ते सगळंच्या सगळं माझ्यातच आहे, जमिनीवर नाही. तुम्हाला ही साधी गोष्ट वाटेल. या घरात ती साधी नव्हती.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची चकती साच्यात दाबली, पांढऱ्या मुलाम्यात बुडवली आणि भट्टीत भाजली. बाहेर आलो तेव्हा इतका गोरापान होतो की मीच माझ्यावर खूश होतो. वाटायचं, एखाद्या मोठ्या घरी जाऊ, आपल्यात फळं मांडतील, पाहुणे कौतुक करतील. प्रत्यक्षात मला घेतलं एका पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने आणि माझ्यात ओतली खळ.

खळ म्हणजे मैदा शिजवून केलेला चिकट लगदा. आठ दिवस मी नाक मुरडलं, मग मात्र त्या कामाची गोडी लागली. पानं सुटलेली, पाठ मोडलेली, कोपरे कुरतडलेली पुस्तकं यायची आणि माझ्यातल्या खळीचे चार हात बसले की ताठ होऊन घरी जायची. तीस वर्षं मी हे केलं. ते बाइंडर थकले, एक दिवस गेले, आणि त्यांचा मुलगा मालक झाला. पुढे तयार गोंदाची प्लॅस्टिकची बादली आली आणि कोणी मला एक शब्दही न बोलता टेबलाखाली सरकवलं. पोटात गंजलेल्या टाचण्या आणि अंगावर बोटभर धूळ. अपमान वाटला, खोटं कशाला बोलू?

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मालक पुठ्ठे कापतात आणि मोठ्या दाबाच्या यंत्राचं चाक फिरवून पुस्तकं दाबतात. मालकीणबाई पानं शिवतात. त्यांची लेक, जिला मी ताई म्हणतो, कापडी कव्हरं चढवते आणि त्यांवर सोनेरी अक्षरं उमटवते. तिघंही कामाला वाघ. फक्त एका गोष्टीला तिघंही भितात, ती म्हणजे पाणी. बाइंडरच्या दुकानात कोणी नुसतं ‘पाणी!’ असं ओरडलं तरी माणसं आधी पुस्तकं उचलतात आणि मग विचारतात, कुठे?

अशा घरात ताईने कुत्र्याचं पिल्लू आणलं.

पांढऱ्या अंगावर शाई सांडल्यासारखे डाग, आणि ओलं काही दिसलं की नाक खुपसायला सगळ्यात आधी हजर. मालकांनी नाव ठेवलं टिपकागद. हाक मारताना टिप्या. त्याला पाणी पाजायला भांडं हवं म्हणून ताईने माझ्यातल्या टाचण्या ओतल्या आणि मला घासूनपुसून लख्ख केलं. मी खूश! कितीतरी वर्षांनी कोणाला तरी माझी गरज पडली होती.

माझा आनंद दहा मिनिटं टिकला. टिप्या दोन घोट पाणी प्यायला, तिसऱ्या घोटाला त्याने पंजा आत घातला, पाणी हललेलं पाहून शेपूट हलवली आणि काठावर दोन्ही पाय ठेवून मला पालथा घातला. मी ठणठण करत भिंतीपर्यंत गेलो. पहिला टवका तेव्हाच उडाला.

मग जे झालं ते रोज होऊ लागलं. ठण्ण असा आवाज आला की मालकीणबाई, ‘अगंबाई, पाणी!’ म्हणून उठायच्या. ताई खालच्या फळीवरची पुस्तकं छातीशी धरून स्टुलावर चढायची. मालक फडकं घेऊन धावायचे, त्या फडक्याचं दुसरं टोक टिप्या धरायचा आणि दोघांची ओढाताण चालायची. दिवसातून पाच वेळा.

मालकांनी उपाय केले. आधी माझ्यात दोन गोटे ठेवले. टिप्याने ते एकेक करून बाहेर काढले आणि मग मला उलटा केला. तेव्हा मालक म्हणाले, “थांब, तुझी कायमची सोय करतो,” आणि दोन दिवस खपून त्यांनी माझ्यासाठी एक चौकोनी पेटी बनवली. मधोमध मी बसेन एवढं भोक, बाहेरून लाल कापड आणि दर्शनी बाजूला सोनेरी अक्षरांत ‘टिपकागद’. देखणी पेटी हो! पण या माणसाने आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं. त्यांनी ती पुठ्ठ्याची केली होती. आणि दुकानातला गोंद संपला म्हणून चिकटवली होती मैद्याच्या खळीने.

पहिल्याच सांडलवंडीत पुठ्ठा फुगला. दुसऱ्या दिवशी टिप्याला कळलं की पेटी खाता येते. संध्याकाळपर्यंत तिचा फक्त एक सोनेरी ‘टि’ उरला. ताई हसून हसून खाली बसली. मालकांनी तो तुकडा उचलून खिशात घातला आणि ते मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

त्याच आठवड्यात ते घडलं. ग्रंथालयाचा जुना नकाशांचा ग्रंथ शिलाईसाठी उघडून खालच्या फळीवर ठेवला होता. ठण्ण झालं, आणि या वेळी पाणी माणसांच्या आधी पोचलं. एका समुद्राचं पान भिजलं. टिपून, वाळवून, दाबून ते पुष्कळसं सुधारलं, पण कडेला पुसट डाग राहिलाच. मालकांनी स्वतः जाऊन ग्रंथपाल बाईंना सांगितलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“विश्वासाने देतात गं लोक पुस्तकं,” ते ताईला म्हणाले. “आणखी एक पान भिजलं, तर याला गवळ्याच्या गोठ्यावर पाठवायचं. तिथे त्याला हुंदडायला जागा आहे.”

“बाबा, लहान आहे तो अजून.”

“पुस्तकं म्हातारी आहेत. त्यांना हे झेपत नाही.”

खरं सांगू? मला आनंद झाला. जाऊ दे एकदाचा, माझे टवके तरी वाचतील. पण लगेच नजर गेली ती टेबलाखालच्या टाचण्यांच्या ढिगाकडे. टिप्या गेला की मी कुठे जाणार, हे काय मला कळत नव्हतं? आणि दुपारी तो गार वाटतं म्हणून मला हनुवटी टेकून झोपायचा. इतक्या वर्षांत मला कोणी असं टेकलं नव्हतं.

दोन दिवसांनी मालकीणबाईंचा पाय मुरगळला. त्या पाय स्टुलावर ठेवून शिवत बसल्या होत्या, मालक आणि ताई पुस्तकं पोचवायला गेले होते. खालच्या फळ्या ताईने आधीच रिकाम्या केल्या होत्या. टिप्याने संधी साधली. ठण्ण!

मालकीणबाईंना उठता येईना. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, भिजण्यासारखं काही नाही हे बघितलं आणि सुई पुढे घातली.

टिप्या थांबला. कान उभे. कोणी ओरडलं नाही, कोणी स्टुलावर चढलं नाही, फडकंही आलं नाही. त्याने मला पंजाने आणखी एकदा ढकललं आणि मालकीणबाईंकडे पाहिलं. पुन्हा ढकललं, पुन्हा पाहिलं. शेवटी काठावर पंजा मारून मला स्वतःच्याच डोक्यावर आपटून घेतलं आणि तिथेच वैतागून बसला. मालकीणबाई खाली मान घालून शिवत होत्या, पण त्यांचे खांदे हसत होते.

जेवताना त्यांनी विषय काढला. “अहो, तो पाण्यासाठी सांडत नाही, तमाशासाठी सांडतो. आणि तमाशा आपण करतो.”

“मी तमाशा करतो?”

“तुम्ही तर पहिल्या नंबरचे! फडकं घेऊन नाचता ते कोण?”

ताईला ठसका लागला. मालक म्हणाले, “मग वाडगाच उचलून ठेवू दिवसभर.”

“छे! मुक्या जिवाचं पाणी तोडायचं नाही. खेळायचं पाणी वेगळं आणि प्यायचं वेगळं करू. आणि सांडलं तर कोणी बघायचंसुद्धा नाही.”

मागच्या अंगणात एक पसरट टब आला. सकाळ-संध्याकाळ ताई टिप्याला त्यात मनसोक्त धुडगूस घालू देई. माझ्यात थोडंच पाणी, पण पुन्हा पुन्हा. पुस्तकं सगळी वरच्या फळ्यांवर. टिप्या शांत बसला की मला भरायचं. त्याने मला पालथा घातला की कोणी हूं की चूं करायचं नाही, आणि त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं की गुपचूप पुसून घ्यायचं.

मायलेकींना जमलं. मालकांना मात्र जमेना. ठण्ण झालं की त्यांचे पाय आपोआप उठत. शेवटी त्यांनी युक्ती काढली. आवाज आला की ते दाबाच्या यंत्राचं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरत आणि डोळे मिटत. पाचावरून तीनवर, तीनवरून एकावर आलो आम्ही. मग एक अख्खा दिवस मी सरळ उभा राहिलो. त्या दिवशी मला भट्टीतून निघाल्यासारखं वाटलं.

आणि मग ग्रंथपाल बाई आल्या. ग्रंथालयाचे बारा ग्रंथ, तो नकाशांचा धरून, बांधून तयार होते. त्या डागवाल्या पानावर त्यांनी बोट फिरवलं आणि पिशवी पायाशी ठेवून मालकांसमोर बसल्या. पिशवीतून त्यांनी एक जीर्ण वही काढली. “ही माझ्या आईची. तिच्या हातची पत्रं यात डकवली आहेत. दुसऱ्या कोणाकडे द्यायचा धीर होत नाही, आणि तुमच्याकडे द्यायला...” त्या टिप्याकडे पाहून थांबल्या.

नवं माणूस पाहून टिप्याला अवसान चढलं. त्याने काठावर पाय ठेवला. मी मनात म्हटलं, अरे गाढवा, आज नको! ठण्ण!

“अगंबाई, पाणी!” ग्रंथपाल बाई वही घेऊन थेट खुर्चीवर चढल्या. टिप्याची शेपूट गरगर फिरू लागली. ताईचा रंग उडाला. मालकीणबाईंची सुई थांबली.

मालकांनी चाक धरलं. या वेळी डोळे मात्र उघडे ठेवले. पाणी त्यांच्या चपलेखाली शिरलं, मोजा भिजला, तरी ते हलले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, “बाई, बसा खाली. वही मांडीवर राहू दे. त्याच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा. आईंची पत्रं किती आहेत?”

बाई खाली बसल्या. “चाळीस,” त्या म्हणाल्या. “मी हॉस्टेलवर असताना आली होती.” आणि त्या पत्रांबद्दल बोलू लागल्या. मालक ऐकत राहिले. खोलीत कोणीच टिप्याकडे पाहिलं नाही.

टिप्या वाट पाहत बसला. बराच वेळ. मग त्याने माझा निळा काठ दातांत धरला. मी म्हटलं, झालं, आता पाचवा टवका! पण त्याने मला आपटलं नाही. खोली ओलांडून मला मालकांच्या ओल्या पायाशी आणून ठेवलं, सरळ, आणि समोर बसला. तहान लागली होती त्याला.

मालकांनी चाक सोडलं. माझ्यात पाणी ओतताना ते म्हणाले, “हे असं मागायचं, समजलं? असं मागितलंस तर जन्मभर देईन.”

ग्रंथपाल बाईंनी वही टेबलावर ठेवली. “कधी येऊ न्यायला?” एवढंच विचारलं.

त्यांच्या आईची वही बांधून झाली, त्यांनी ती नेलीही. टिप्या आता माझ्या तिप्पट झालाय आणि मला पाणी प्यायचं भांडं म्हणूनच ओळखतो. मागच्या रविवारी मालकांनी खिशातून तो सोनेरी ‘टि’ काढला आणि माझ्यामागच्या भिंतीवर, टिप्याचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर चिकटवला. या वेळी प्लॅस्टिकच्या बादलीतल्या गोंदाने.

माझं एकच मागणं आहे. ताई मला रोज घासते, छान घासते. पण निळ्या काठावर एका बाजूला दातांच्या दोन बारीक खुणा आहेत, तिथे तिने जरा हलक्या हाताने घासावं. बाकीचे टवके त्याने मला फेकलं तेव्हाचे आहेत. त्या दोन खुणा त्याने मला उचलून नेलं तेव्हाच्या आहेत.