असाल तितून स्टेजवर या

पडद्याच्या फटीला डोळा लावून उभ्या असलेल्या सुमितनं जीभ चावली. "तेजे, आबा आल्यात. तिसऱ्या रांगंत बसल्यात."

तेजश्रीची खोटी मिशी अर्धी ओठावर, अर्धी बोटाला चिकटून राहिली. "आरं, आज वरकुट्याला लगीन हाय त्यांचं!"

"त्यांचं? मालनकाकूला ठावं हाय का?"

"गप ए!" हसत हसतच तिनं त्याला बाजूला सारून फटीला डोळा लावला.

श्रीपती आबा म्हणजे तिचे वडील, शेळगावचे; मालनकाकू तिची आई. आसपास लग्न कुणाचंही असो, माईक आबांचाच. लग्न लागायच्या आधी पाहुण्यांची नावं पुकारायची, एकेकाला स्टेजवर बोलवायचं, नारळ, टॉवेल, टोपी देऊन मान करायचा. एक नाव सुटलं की एक घर रुसलं. आबांचा आवाज मांडवातून निघायचा तो उसाच्या सरीतल्या पाण्यासारखा झुळझुळत पार कालव्यापर्यंत जायचा. लहानपणी तो ऐकत तेजश्री मांडवातच झोपी जायची. मोठी झाल्यावर कळलं, तो आपल्याच गळ्यात येऊन बसलाय.

त्या गळ्यावरच तिचं सगळं उभं राहिलं होतं. आधी कॉलेजातली प्रहसनं, मग पणदऱ्याच्या या सुमितला जोडीला घेऊन मोबाईलवर काढलेले विनोदी व्हिडिओ, आणि आता थेट मुंबईचं बोलावणं. टीव्हीवरच्या कार्यक्रमात लिहायचं आणि कामही करायचं! पहिलं स्किट हेच: निवेदक सत्कार करत सुटतो आणि नवरदेव हार हातात घेऊन ताटकळतो. बारामतीच्या नाट्यगृहात आज त्याचा पहिला प्रयोग होता. निवेदक कुणावर बेतलाय, हे मात्र तिनं घरी सांगितलं नव्हतं. आणि आबा लग्नाचा माईक सोडून इथं येतील, असं तिला वाटलंही नव्हतं.

"आबांना लागलं तर हे स्किट मी परत करायची न्हाय," ती म्हणाली.

"नगं करू. पण आजचं तरी कर. मुंडावळ्या बांधून कवाधरनं उभा हाय मी!"

पडदा सरकला. फेटा सावरत तेजश्री माईकपाशी गेली, एकदा खाकरली, आणि सुरू झाली:

"पणदऱ्याचा ऊस गोड, इंदापूरचं डाळिंब लाल,
पाव्हणं मोठ्या मनाचं, घ्या नारळ अन् शाल!"

पहिल्याच ओळीला हशा उसळला. एकेक पाहुणा पुकारला की टाळ्या, नवरदेवानं हळूच पाय बदलला की शिट्ट्या. तिच्या अंगात वारं भरलं. पण डोळा पुन:पुन्हा तिसऱ्या रांगेकडे जाई. आबा हाताची घडी घालून, मान तिरकी करून ऐकत होते. ओठ मिटलेले. आजूबाजूचे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि आबा तेवढे देवळाच्या खांबासारखे.

तरी तिनं पुढचं नाव घेतलं, जुन्या वळणाचं, कुणाचं नसेलच असं वाटून स्वत:च रचलेलं: "वरकुट्याचं हिंदुराव अण्णा! असाल तितून स्टेजवर या!"

आणि मागच्या रांगेतून एक पांढरी टोपी खरोखरच उठली.

धोतराचा सोगा सावरत, दोन्ही बाजूंना रामराम घालत म्हातारा वर आला आणि माईकशेजारी ताठ उभा राहिला. लोकांना वाटलं, नटच आहे.

"तुमी कोण?" तेजश्री कुजबुजली.

"हिंदुराव. वरकुट्याचा. तूच पुकारलंस न्हवं?" म्हाताऱ्यानं सत्कारासाठी मान पुढं केली.

आता काय द्यायचं? नारळ थर्माकोलचा, शाल म्हणजे सुमितच्या आईची फाटकी चादर. सुमित तर हारात तोंड लपवून हसत होता. तेवढ्यात आबा उठले. निघाले, असंच तेजश्रीला वाटलं.

पण आबा दाराकडे गेलेच नाहीत. तरातरा पायऱ्या चढून वर आले. "पाव्हण्याला असं तिष्ठत ठेवत्यात व्हय गं?" खांद्यावरचा टॉवेल त्यांनी झटकला आणि दोन्ही हातांनी अण्णांच्या गळ्यात घातला. "अन् ही अशी घाई! नाव घेतलं की जरा दम धरावा. पाव्हण्याला उठाय, टोपी सारखी कराय येळ लागतोय. आवाज माझा उचललास, त्यो दम ऱ्हायला की!"

नाट्यगृह हशानं दणाणलं. आणि त्या गलक्यात आबांचे मिटलेले ओठ सुटले. ते हसले, आधी नुसते खांदे, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. "ह्या नवऱ्याला आजून धा सत्कार उभा ठीव," सुमितकडे बोट दाखवत ते म्हणाले, "लई माजलंय!"

टाळ्या थांबेनात. आबा खाली उतरायला वळले. त्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघताना तेजश्रीच्या ध्यानात आलं, इतक्या मांडवांत इतकी नावं पुकारली गेली, पण पुकारणाऱ्याचं नाव कधी कुणी घेतलं? तिनं माईक तोंडाशी धरला. दम धरला.

"शेळगावचं... आमचं... श्रीपती आबा! असाल तितून स्टेजवर या!"

आबा पायरीवर थबकले. सवयीनं त्यांनी मान उंचावून सगळ्या रांगांवरून नजर फिरवली, कोण पाहुणा उठतोय ते बघायला. कुणीच उठेना. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

मग त्यांनी टोपी सारखी केली आणि स्वत:च्याच आवाजातल्या हाकेला ओ देत, सावकाश, पाहुण्याच्या ऐटीत पायरी चढू लागले.